घरटी एक माणूस

नॉर्वेहून परत आल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. डोंगर कसे, समुद्र कसा, माणसं कशी, हे सगळं नंतर. आधी, "तितं कोथिंबीर काय भावानं हाय?" बचत गटाच्या बैठकीत हेच विचारलं, पौडच्या एसटी स्टँडवर हेच विचारलं. मी सांगते की तिथं कोथिंबिरीची जुडी नसते, कुंडीत लावलेली चार रोपं मिळतात, आणि त्या एका कुंडीच्या पैशात आपल्याकडे आठवड्याची भाजी येते. ऐकणारी तोंडाला पदर लावते, तिचं समाधान होतं आणि ती आपल्या वाटेनं जाते. महाग म्हणजे नक्की काय महाग, हे ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही मुळशीतल्या नांदे गावचे. हिंजवडीत कंपन्या आल्या तशी आमच्या घरावर माडी चढली. आता खाली आम्ही दोघं राहतो आणि वर भाडेकरू. लातूर, नांदेड, अकोल्याकडची, कंपन्यांत नोकरी करणारी मुलं-मुली. खोल्यांचं सगळं मीच बघते, कारण आमच्या ह्यांना भाडं मागायची लाज वाटते आणि मला वाटत नाही. पूर्वेकडची मोठी खोली मात्र मी कधी कुणाला दिली नाही. ती आमच्या एकुलत्या एका मुलाची, अमोलची. ऋतुजा नावाची लातूरची मुलगी गेल्या दिवाळीपासून त्या खोलीसाठी माझ्या मागे लागली होती. तिचं नवीन लग्न झालेलं. ती माझ्याकडे मुलींच्या खोलीत आणि तिचा नवरा तिकडे वाकडला मित्रांत. दर महिन्याला भाडं देताना विचारायची आणि दर महिन्याला मी सांगायचे, "ती आमच्या अमोलची हाय."

अमोलला त्याच्या कंपनीनं नॉर्वेतल्या बर्गन गावी पाठवलं होतं. लग्नानंतर सोनाली, म्हणजे माझी सून, तीही गेली. २००८ च्या मे महिन्यात मी तिकडे गेले ती गाव बघायला नव्हे. फोनवर मला कळलं होतं की त्यांच्या खोलीचा करार जूनअखेर संपतोय आणि घरमालकीण पुढं खोली देईल की नाही ते नक्की नाही. बाहेर भाडी इतकी चढली होती की दुसरी खोली त्यांना झेपणारी नव्हती. तसं झालंच तर सोनाली परत येणार आणि अमोल चार पोरांत एक कॉट घेऊन राहणार, असं त्यांचं ठरलं होतं. मला हे ऐकून बरं वाटलं. सून घरी आली की मुलगा फार दिवस परदेशात राहत नाही. तेव्हा आपण जायचं, महागाई डोळ्यांनी बघायची, सोनालीला गोड बोलून समजवायचं आणि सोबत घेऊनच यायचं, असा बेत करून मी निघाले. हे आले नाहीत, म्हशी कुणाच्या जिवावर सोडायच्या!

बर्गन

विमानतळावर अमोल दिसला, पाया पडला आणि माझी बॅग ढकलायला वळला. पाठमोरा झाल्यावर मला त्याचं डोकं दिसलं. मानेवरचे केस जिन्याच्या पायऱ्यांसारखे कापलेले.

"डोकं कुणी भादरलं रं तुजं?"

"सोनालीनं."

"का? न्हावी न्हाई का गावात?"

"हाय की. पण आई, एका कटिंगला आपल्या वरच्या खोलीचं महिन्याचं भाडं जातं."

मनात म्हटलं, पहिल्याच पावलाला आपली बाजू बळकट झाली.

बर्गन म्हणजे डोंगरांच्या मध्ये पाणी आणि पाण्याच्या कडेनं चढणीवर लाकडी घरं. ताम्हिणीच्या वाटेवर धरणाचं पाणी डोंगराआडून दिसायला लागतं ना, तसंच ते पाणी दिसतं. फरक इतकाच की ते खारं आहे आणि त्यात मोठी जहाजं उभी असतात. पाऊस आपल्या मुळशीसारखाच, कधीही येतो. म्हणून मला ते गाव परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते दुकान.

पहिल्या आठवड्यात सोनाली मला भाजीला घेऊन गेली. तिथलं एक नाणं म्हणजे आपले आठ रुपये, म्हणून मी प्रत्येक पाटीवरच्या आकड्याला आठानं गुणायचे. फ्लॉवरचा गड्डा हातात घेतला आणि परत ठेवला. ढोबळी मिरची घेतली, तीही ठेवली. सोनाली हसून म्हणाली, "आई, गुणू नका. गुणत बसलं तर उपाशी राहावं लागेल." पण मी कसली थांबते! बसचं तिकीट बघून मी चालायला लागले. ती चढण चढून घरी येईपर्यंत गुडघे बोलायला लागले, आणि गुडघ्याचा डॉक्टर काय घेत असेल त्याचा विचार करून पुन्हा बसनं जायला लागले. प्यायच्या पाण्याचे तेवढे पैसे पडत नाहीत, नळाचं पाणी ओढ्यासारखं गार आणि गोड. तेवढं मी पोटभर प्यायचे.

हळूहळू मात्र एक गोष्ट ध्यानात यायला लागली. सगळंच काही महाग नव्हतं. टीव्ही पुण्याच्या भावात होता. सोनालीच्या घरातलं टेबल दुकानातून खोक्यात सुट्ट्या फळ्यांचं आणलं होतं, तेही स्वस्तच म्हणायचं. पण त्या फळ्या जोडायला माणूस बोलवाल तर टेबलापेक्षा माणूस महाग. म्हणून जो तो आपलं आपण करतो. अमोलचा साहेब सुट्टीत शिडी लावून स्वतःच्या घराला रंग देतो. पेट्रोल पंपावर कुणी पेट्रोल भरून देत नाही. हॉटेलात आपलं ताट आपण उचलून ठेवायचं. आपल्याकडे मी एक फोन केला की इलेक्ट्रिकवाला येतो, प्लंबर येतो, गॅसवाला टाकी माडीवर चढवून देतो, आणि वर आपण त्यांच्याशी दहा रुपयांवरून भांडतो. तिथं वस्तू परवडते. परवडत नाही तो माणसाचा हात.

सोनाली एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती. भाज्या चिरायच्या, म्हाताऱ्यांना वाढायचं, भांडी मशिनात लावायची. बी.कॉम. झालेली मुलगी. मी तिला एकदा म्हटलंच, "भांडीच घासायची तर हितं येवढ्या लांब कशाला? घरी चल की. वरची खोली हाय, रंगसुद्धा दिलाय नवा."

ती कांदा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "आई, तिथे मी घासलेली भांडी कुणी मोजणार नाही. इथे मला एका तासाचे मिळतात तेवढे नांद्यात भातात वाकणाऱ्या बाईला आठवडाभर वाकून मिळत नाहीत. आणि संध्याकाळी निघताना तिथली मोठी बाई मला थँक्यू म्हणते, रोज." मग उठून तिनं कपाटातून एक पिशवी आणली. पहिल्या पगारातून माझ्यासाठी घेतलेला रेनकोट होता, पिवळाधमक. मी तो अंगावर चढवला आणि आरशात बघून आले.

इंगरिडबाईंच्या घरी

त्यांची खोली म्हणजे एका घराचा तळमजला. वर घरमालकीण राहायची. नाव इंगरिड, सत्तरी उलटलेली, एकटी. पूर्वी दवाखान्यात नर्स होती. उंच, ताठ बाई. कमी बोलायची. मीही घरमालकीण आणि तीही, त्यामुळे माझा तिच्यावर बारीक डोळा होता. एकदा तिच्या मोरीखालचा पाइप गळायला लागला तर बाई पाना घेऊन स्वतः उताणी पडून पाइप आवळत होती. मी अमोलला विचारलं, डिपॉझिट किती दिलंस? तो म्हणाला, दिलंय, पण ते बँकेत वेगळ्या खात्यात असतं. करार संपेपर्यंत तीही हात लावू शकत नाही आणि मीही नाही.

"मग घ्यायचंच कशाला?" मी म्हटलं. मला खरोखर कळेना. आमच्याकडे डिपॉझिट म्हणजे पुढच्या खोलीच्या विटा.

आणखी एक. ती बाई न विचारता कधी तळमजल्यावर आली नाही. मी दर रविवारी भाडेकरूंच्या खोल्यांत जाऊन नळ बघते. आता हे चांगलं का ते चांगलं, मला सांगता येणार नाही. न बघितलं तर नळ गळतात हे मात्र खरं.

करार पुढं चालू ठेवायचा का, ते येत्या रविवारी सांगते असं इंगरिडबाई म्हणाली होती. तिच्या भाच्याला खोली हवी होती म्हणे. अमोल आणि सोनाली आठवडाभर हळू आवाजात बोलत होती. मी आपली वाट बघत होते.

त्याच आठवड्यात पत्रपेटीत एक चिठ्ठी आली. गुरुवारी संध्याकाळी गल्लीत 'दुग्नाद' आहे.

"म्हंजी काय?" मी विचारलं.

सोनाली कामावर निघायच्या घाईत होती. "अहो, गल्लीतले सगळे मिळून साफसफाई करतात. पालापाचोळा, गटारं, कुंपणं. घरटी एक माणूस यायचं. आमचं या वेळी जमणार नाही. हा ऑस्लोला जाणार आणि माझी कामाची पाळी आहे. यानं बाईंना तसं सांगितलंय, रविवारी कुंपणाची झाडं कापून देतो म्हणून."

घरटी एक माणूस! मला लगेच कळलं. आमच्याकडेही गावच्या श्रमदानाला घरटी एक माणूस मागतात. पण आता जमिनी विकून बंगले बांधलेल्या घरांतून कोण खोरं घेऊन येणार? मग रोजानं माणूस पाठवतात. सरपंच हजेरी लावतो, घराचं नाव लागतं, काम होतं. ज्याच्या घरून माणूस आला नाही त्याचीच काय ती चर्चा होते. मी म्हटलं, अमोलच्या घरचा माणूस गेला नाही तर आपली काय किंमत राहील?

शेजारच्या घराला रंग देणारा एक पोलंडचा रंगारी होता. रोज दुपारी मी त्याला खिडकीतून चहा द्यायचे आणि तो कप धुऊन परत द्यायचा. गुरुवारी संध्याकाळी त्याचं काम आटपलं तेव्हा मी त्याला हाक मारली. अमोलनं मला खर्चाला दिलेल्या दोन नोटा पुढं केल्या, पालापाचोळा ओढायचा दाताळ्याचा दांडा दाखवला, गल्लीत जमलेल्या लोकांकडे बोट दाखवलं आणि मग आमच्या दाराकडे. तो हसला. त्याला समजलं. नोटा खिशात घालून गेला.

मी खिडकीत उभी राहून कौतुकानं बघत होते. बायका, पुरुष, पोरं, सगळे कामाला लागलेले. बँकेतला कुणी साहेब गुडघ्यावर बसून गटारातली माती काढत होता. इंगरिडबाई आपल्या दारापुढच्या चराशी फावडं घेऊन उभी होती. रंगारी तिच्या शेजारी गेला. ती काहीतरी बोलली, त्यानं आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि खिशावर हात मारला. बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी ऐकलं असावं, तेही थांबले. मग तिनं फावडं कुंपणाला टेकवलं आणि सरळ घरात निघून गेली. थोड्या वेळानं रंगारी खिडकीशी आला, दोन्ही नोटा माझ्या हातात परत दिल्या आणि खांदे उडवून गेला.

इंगरिडबाईच्या दारापुढचा चर तसाच राहिला. बाकी गल्ली स्वच्छ झाली. लोक अंगणात कॉफी प्यायला बसले, तिकडेही ती आली नाही.

सोनाली कामावरून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"आई, तुम्ही माणूस पाठवलात? पैसे देऊन?"

"व्हय. त्यात काय झालं? घरटी एक माणूस म्हणालीस ना तू?"

"अहो, पैसे देऊन करायचं असतं तर सगळ्यांनी वर्गणी काढून माणसं लावली असती. इथे वर्षभर प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजावे लागतात. या एका दिवशी कुणी कुणाला पैसे देत नाही. कामाचा नव्हे, सोबतीचा दिवस असतो तो. आपण येणार नाही म्हटलं होतं, ते चाललं असतं त्यांना. आता गल्लीला वाटणार, बाईंच्या घरातल्यांना हे हलकं काम वाटतं."

"म्हंजी इर्जिकच की ही," मी म्हटलं.

सोनालीला इर्जिक माहीत नव्हती. तिला सांगायला लागले आणि माझं मलाच सगळं आठवत गेलं. मी नवी नवरी होते तेव्हा नांद्यात भातलावणी इर्जिकीवर व्हायची. आज आमच्या वावरात, उद्या शेजारणीच्या. घरटी एक माणूस. मजुरी कुणी मागायची नाही, ज्याचं वावर त्यानं फक्त जेवण घालायचं. माझ्या पहिल्या लावणीला मला रोप नीट लावता येत नव्हतं. आमची शेजारीण हौसा माझ्या ओळीत येऊन माझी रोपं सरळ करायची आणि सासूला कळू द्यायची नाही. मग कंपन्या आल्या, जमिनींना भाव आला. कुणाच्या तरी घरून पहिल्यांदा माणूस आला तो रोजावरचा. कुणाच्या ते आता आठवत नाही. पुढच्या वर्षी तसे चार आले. मग कुणीच कुणाकडे गेलं नाही.

सोनाली ऐकून घेऊन भांडी घासायला गेली. मशीन होतं तरी हातानं घासत होती. पाठमोरी होती, पण खांद्यांवरून कळत होतं की रडतेय. रविवारी बाई काय सांगणार, ते आता आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आणि खोटं कशाला सांगू, मला आधी आनंद झाला. मी काही न बोलता, न भांडता, माझं काम झालं होतं. खोली जाणार, सून माझ्याबरोबर येणार, तिच्यामागून मुलगा. मी बॅगेत काय काय भरायचं तेसुद्धा ठरवायला लागले. पण नजर त्या पाठीवरून हलेना. पिवळा रेनकोट दाराला टांगलेला होता. हिला मी घरी नेईन, रंग दिलेल्या खोलीत ठेवीन, आणि ही रोज अशीच पाठमोरी भांडी घासत उभी राहील. मला ते बघवलं नसतं.

सकाळी पाऊस भुरभुरत होता. मी साडी वर खोचली, वरून रेनकोट घातला आणि कुंपणाला टेकवलेलं ते फावडं घेतलं. चरात शेवाळ आणि गेल्या वर्षीची पानं बसलेली. खाली काळी माती. मी एका टोकानं सुरुवात केली. आमच्याकडे पावसाळ्याआधी घरामागचा चर दरवर्षी काढावाच लागतो, त्यामुळे हाताला सवय होती, पाठीला राहिली नव्हती. समोरून जाणारी एक बाई थांबून बघून गेली. लाज वाटली, पण हात थांबवला नाही.

थोड्या वेळानं वरचं दार उघडलं. इंगरिडबाई पायरीवर उभी राहिली. मला वाटलं, आता फावडं मागून घेणार. ती मागच्या शेडमध्ये गेली, दुसरं फावडं घेऊन आली आणि दुसऱ्या टोकानं काढायला लागली. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. आम्ही दोघी दोन टोकांकडून येत राहिलो. मध्ये भेटलो तेव्हा दोघींच्याही कमरा धरल्या होत्या. तिनं आपली कमर दाखवली, मी माझी. मग ती हसली. इतक्या दिवसांत तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

तिनं मला वर नेलं. कालच्या अंगणातल्या कॉफीसाठी भाजून ठेवलेल्या वाफल्या तशाच झाकून ठेवलेल्या होत्या, आपल्या धिरड्यासारख्या, पण चौकड्याच्या साच्यातल्या. वर जाम. गार झाल्या होत्या. आम्ही दोघींनी त्या सगळ्या संपवल्या.

रविवारी अमोल आला होता. बाई खाली आली, नेहमीसारखी विचारून. खोलीचं, भाच्याचं, कराराचं ती काहीच बोलली नाही. सोनालीकडे बघून तिनं एकच प्रश्न विचारला. सोनाली पटकन काहीतरी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणती?" मी विचारलं.

"विचारतायत, पुढच्या वर्षी दुग्नादला तुमच्या घरातून कोण येणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी येईन म्हटलं."

असा माझा बेत मी माझ्याच हातानं मोडला. विमानात खिडकीतून ढगांकडे बघत मी रडले. शेजारच्या माणसानं मला रुमाल दिला.

नांदे

परत आले तेव्हा भाताची रोपं हातभर झाली होती. दुसऱ्याच दिवशी ऋतुजा भाडं द्यायला खाली आली. या वेळी तिनं खोलीचं विचारलंच नाही. पैसे ठेवले आणि पाठमोरी जिना चढायला लागली.

"ऋतुजा," मी हाक मारली. "नवऱ्याला सांग, सामान घेऊन यायला. पूर्वेकडची खोली देते."

ती जिन्यातच थांबली. "खरंच काकू? डिपॉझिट किती?"

"बघू ते. एक अट हाय पण. हौसाची लावणी हाय येत्या रविवारी, पयल्यासारकी इर्जिक करायची. तितं घरटी एक माणूस यायचं. मी येनारे. तुमच्यातनं बी एक."

"अहो पण मला भात लावायला येत नाही. मी हवं तर बाईचे पैसे देते ना."

"पैसे न्हाई चालायचे. येत न्हाई ते ऱ्हाऊ दे. मी उभी ऱ्हाईन तुज्या वळीत."

ती हसत वर पळाली, बहुतेक फोन करायला. हे ओट्यावर बसून सगळं ऐकत होते.

मग म्हणाले, "खोली देतीस ती. उद्या अमोल आला तर झोपंल कुटं?"

"हॉलमदी," मी म्हटलं. "पाव्हनं झोपत्यात तितं."

हे उठले. घरात गेले आणि खुंटीवरची पूर्वेकडच्या खोलीची किल्ली घेऊन आले. माझ्या हातात दिली नाही. स्वतःच जिना चढून वर गेले.